सव्वीस खांब

होळी, वसई
१५ फेब्रुवारी १९९९

यतीनराव,

त्या रविवारी पहाटे मी वाडीत केळीचे खांब तोडत होतो. सव्वीस तोडले. घड उतरवलेल्या केळी होत्या, त्यामुळे कोयता घालताना वाईट वाटलं नाही. एकेक खांब सहा-सात फुटांचा करून कुंपणाशी रचला, अंघोळ केली, देवासमोर दिवा लावला, आणि तुमच्या पोकलेन मशीनची वाट बघत रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

हे सगळं तुम्हाला मुद्दाम लिहितो आहे. शनिवारी पोलीस घरी येऊन गेले. त्यांच्या बोलण्यावरून असं दिसलं, की तुम्हाला यातलं काही ठाऊकच नाही. तुम्ही नाशिकहून येऊन जबाब दिलात तो असा म्हणे, की चेनची मशीन मंगळवारी ट्रेलरवर चढवून न्यायची होती आणि ड्रायव्हर धर्मानं ती कोणाला न विचारता रविवारी रस्त्यावर काढली.

आदल्या संध्याकाळी फोन कोणी केला होता, यतीनराव? आमच्याकडे फोन नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही शेजारी एडवर्डकडे केलात. त्याच्या बायकोनं, फ्लॉसीनं, कुंपणावरून मला हाक मारली, "हरीभाऊ, नाशिकचा फोन. तुमच्या बहिणीचे यजमान, जावईबापू आहेत, हात धुऊन या." मी तिच्या ओट्यावर उभा राहून तुमचं बोलणं ऐकलं. जुन्या साइटचा पाया खणून झालाय, नव्या साइटवर उद्याच काम सुरू करायचंय, मध्ये अर्धा मैल डांबरी रस्ता आहे, ट्रेलर मिळत नाही. चेननं डांबर फाटलं तर ग्रामपंचायत मागच्यासारखी ओरडेल. तेव्हा दादा, तुमच्या वाडीतले केळीचे खांब रस्त्यावर आडवे घाला, मशीन त्यावरून हळूहळू जाईल, मागचे उचलून पुढे टाकायला माझी चार माणसं आहेत. मी हो म्हटलं.

पुढचं तुम्ही ऐकलंच आहे. मोरीच्या उतारावर मशीन आडवी घसरली आणि रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर गेली. फ्लॉसी चर्चमधून परतत होती. मशीनला वाट द्यायला म्हणून बिचारी त्या गडग्याच्या आड जाऊन उभी राहिली होती. दगड तिच्या पायावर आले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

धर्माला त्याच्या गावच्या पोलीसपाटलानं जामीन राहून सोडवलं. खटला वसईच्या कोर्टात उभा राहील. त्याला शिक्षा होईल असं सगळे म्हणतात.

तुम्ही या आणि जबाब नीट करा. माझी एवढीच मागणी आहे.

हरिश्चंद्र

•

नाशिक
२० फेब्रुवारी १९९९

दादांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. पहिली विनंती, असल्या गोष्टी कागदावर लिहीत जाऊ नका. एडवर्डकडून नको असेल तर बाजारातून एसटीडी करा. रात्री नऊनंतर मी घरीच असतो.

झालं ते फार वाईट झालं. मला काय वाईट वाटत नाही का? फ्लॉसीबाईंच्या हॉस्पिटलचं मी बघतो आहे, त्या बाबतीत तुम्ही निश्चिंत राहा. पण ट्रेलर घोटीच्या पुढे बंद पडला होता, त्याला मी काय करणार? मी फोनवर म्हटलं ते "जमलं तर बघा" अशा अर्थानं. मशीन चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा असतो. मी दीडशे किलोमीटरवरून मोरीचा उतार बघणार होतो का?

धर्माला हेवी लायसन नव्हतं हे मलाही पोलिसांकडूनच कळलं. या माणसांना किती विचारणार? हात चांगला आहे म्हणून ठेवला.

आता वकिलांचं म्हणणं ऐका. अशा केसमध्ये ड्रायव्हरला फार तर काही महिने होतात, बरेचदा दंडावर सुटतो. मालकावर आली तर माझ्या तिन्ही मशीन सील होतील, चालू कामं बंद पडतील, चाळीस माणसं घरी बसतील. धर्माच्या घरच्यांना मी वाऱ्यावर सोडणार नाही. त्याच्याशी तसं बोलणंही झालं आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. रस्त्यावर खांब होते हे पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं आहे. ते कोणाच्या वाडीतले हे मी सांगितलेलं नाही. तुमच्यासारख्या देवभोळ्या माणसाला या वयात कोर्टाची पायरी चढायला लागू नये म्हणूनच.

वहिनींना नमस्कार. रेवा बरी आहे.

यतीन

•

होळी, वसई
२६ फेब्रुवारी १९९९

यतीनराव,

एसटीडी करणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणतो. त्या संध्याकाळी तेच झालं. कागदावर मला तुमच्याशी नीट बोलता येतं.

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत याचे आभार मी मानावेत अशी तुमची अपेक्षा दिसते. तर ऐका. पोलिसांनी मला विचारलं होतं, "खांब तुमच्या वाडीतले का?" मी म्हटलं, "वाडीतले असतील, तोडलेले कुंपणाशी पडलेले असतात, कोणी नेले मी बघितलं नाही." हे मी माझ्या ओटीवर, देवघराकडे पाठ करून बोललो. त्या दिवसापासून सकाळी देवासमोर बसतो, हात जोडतो आणि तसाच उठतो. आमच्याकडे सत्यनारायणाला चार खांब लागले तरी माणसं विचारून नेतात. सव्वीस खांब कोणी न विचारता नेले, हे पोलिसाला खरं वाटलं असेल असंही मला वाटत नाही. त्यानं नुसतं लिहून घेतलं.

धर्माचं लायसन. मागच्या दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा मी तिथे होतो. मी स्वतः नारळ वाढवला. आत्मारामनं तुम्हाला हसत विचारलं, "काय हो, याच्याकडं बिल्ला आहे का?" तुम्ही म्हणालात, "साइटच्या आत लायसन कोण विचारतो? पत्रे मारलेत चारी बाजूंनी." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा ते पोलिसांकडून कळलं असं मला तरी लिहू नका.

हा आत्माराम ठाण्याच्या आरटीओत तीस वर्षं कारकून होता. परवा मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, मला नियम सांग. त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, "हरी, चेनचं यंत्र डांबरी रस्त्यावर आपल्या आपण चालवायचंच नसतं. ट्रेलरवर चढवायचं, त्याचा हात दुमडून बांधायचा, पुढे-मागे लाल फडकी लावायची. जे यंत्र रस्त्यावरून चालणार त्याला नंबर पाहिजे आणि चालवणाऱ्याकडे त्याचा परवाना पाहिजे. यातलं काही नसेल तर यंत्र आत ठेवायचं."

मी विचारलं, "आणि खाली केळीचे खांब घातले तर?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "त्याचा नियम नाही. नियम लिहिणाऱ्याला असं काही सुचलंच नसणार."

यतीनराव, मला ते सुचायला हवं होतं. तुम्ही दुकानदाराच्या घरातले, तुम्हाला केळ फळापुरती ठाऊक. माझा जन्म त्या वाडीत गेला. पावसात बैलगाडी चिखलात रुतली की आम्ही चाकाखाली खांब घालतो, म्हणून मला वाटलं हे चालेल. पण चिखलात खांब रुतून बसतो. डांबरावर तो कशात रुतणार? कळंबला होडी किनाऱ्यावर ओढून घेतात तेव्हा तिच्या तळाखाली हेच खांब घालतात, आणि ते घालतात ती घसरावी म्हणून. मी लहानपणापासून त्या होड्यांना हात लावलेला आहे. चेनखाली पहिलाच खांब फुटला तेव्हा त्याचं पाणी आणि गर डांबरावर पसरलेला मी बघितला. तरी दुसरा टाकायला सांगितला. कशासाठी? तर डांबराला ओरखडा येऊ नये. डांबराची आपण दोघांनी एवढी काळजी घेतली.

काल फ्लॉसीला भेटून आलो. तुम्ही हॉस्पिटलचं बघता आहात, पण तुम्ही स्वतः अजून बघायला आलेला नाहीत. एडवर्ड मला बघताच उठून व्हरांड्यात गेला. फ्लॉसी बोलली. तिला माझे खांब ओळखू येतात, रोज कुंपणावरून बघते. म्हणाली, "हरीभाऊ, तुमच्या केळी खायला असतात असं मला वाटायचं." मग म्हणाली, "भाजीची पाटी आता डोक्यावर घ्यायची, पण चालायचं कोणाच्या पायानं ते तुमच्या जावयाला विचारून सांगा."

ते मी तुम्हाला विचारतो आहे. उत्तर पाठवा.

हरिश्चंद्र

•

नाशिक
५ मार्च १९९९

दादा,

तुमच्या वयाचा मान ठेवून आतापर्यंत गप्प बसलो.

गावात बिल्डिंगी माझ्यामुळे उभ्या राहत नाहीत. वाडीच्या पूर्वेकडचा तुकडा तुम्हीच विकलात, मी नाही. तिथला पाया माझ्याच मशीननं खणला आणि तेव्हा तुम्ही मोजायला दोरी धरून उभे होतात. गावातली निम्मी घरं त्या पैशांतून स्लॅबची झाली. आता एक अपघात झाला आणि यतीन राक्षस, बाकी सगळे संत.

देवपूजा करणाऱ्याला दुसऱ्याच्या पापाचा हिशेब बरा सुचतो.

धर्मानं गुन्हा कबूल करायचं ठरवलं आहे. वकील माझाच आहे. एप्रिलमध्ये तारीख लागेल, एका दिवसात विषय संपेल. त्याला स्वतःला तक्रार नाही तर तुम्ही कोण?

तुम्हाला पोलिसांकडे जायचं तर जरूर जा. मात्र मग रेवाला माहेर विसरावं लागेल. ही धमकी नाही. ज्या घरानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली त्या घरी माझ्या बायकोनं राखी घेऊन जावं, असं तुम्हाला तरी वाटतं का?

यापुढे उत्तर देणार नाही.

यतीन

•

नाशिक
१४ मार्च १९९९

प्रिय दादा,

हे पत्र मी शेजारच्या बाईंकडे बसून लिहिते आहे. यांना ठाऊक नाही.

तुझी पत्रं मी वाचली. यांनी कपाटात ठेवली होती, मी काढून वाचली. दादा, तू इतका चिडू शकतोस हे मला माहीत नव्हतं. बाबा गेल्यावर वाटणीच्या वेळी काकांनी तुला काय काय ऐकवलं, तू मान खाली घालून बसला होतास. आणि आता माझ्या नवऱ्यावर असा तुटून पडतोस. कधी कधी वाटतं, पूर्वेकडचा तुकडा विकायला यांनी तुला भरीला घातलं, त्याचाच राग तू असा काढतो आहेस. खरं सांग.

ते वाईट नाहीत रे. त्या बाईंचा पाय गेल्यापासून यांना झोप नाही, उठून गॅलरीत जाऊन बसतात. त्या शनिवार-रविवारी तर इथे इतकी धावपळ होती की कोणाला काय सांगितलं हे त्यांनाही आठवत नसेल. आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचा वाढदिवस होता. मिरवणुकीला यांनी आपला ट्रेलर दिला होता. शुक्रवारपासून दारातच त्यावर स्टेज बांधणं, लायटिंग, कमानी. चाळीस फुटी ट्रेलरवर मोठी खुर्ची ठेवून साहेबांना बसवलं आणि सगळ्या वॉर्डात फिरवलं. पुढच्या कामांच्या सह्या त्या साहेबांच्या हातात आहेत, यांना नाही म्हणता येत नव्हतं. अशा गडबडीत यांनी तुला फोन केला. माणसाकडून चूक होते.

धर्माला शिक्षा झाली तरी हे त्याला परत कामावर घेणार आहेत, तसं मला सांगितलं आहे. त्याचं नुकसान होणार नाही. तू गप्प राहिलास तर कोणाचंच नुकसान होणार नाही, बोललास तर माझं होईल. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. वाटणीतही सही करून मोकळी झाले. आता मागते.

सावित्रीवहिनीला सांग, मी पाडव्याला येणार नाही.

तुझी
रेवा

•

होळी, वसई
२३ मार्च १९९९

प्रिय रेवा,

तुझं पत्र पोचलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं आणि सावित्रीला वाचून दाखवलं. ट्रेलरच्या ओळीपाशी ती म्हणाली, "थांबा, ते परत वाचा." मी परत वाचलं. ती म्हणाली, "म्हणजे घोटीला बंद पडला नव्हता." आणि उठून चुलीपाशी गेली. तिथून एवढंच म्हणाली, "त्याच्यावर खुर्ची ठेवली होती."

तू हे यतीनरावांचा बचाव म्हणून लिहिलंस. तुला राग येऊ नये, पण मी पाडव्याच्या दिवशी गुढी उभारली आणि तिच्यासमोर उभा राहून माझ्या डोक्यात ती खुर्चीच होती. ज्या गाडीवर मशीन यायला हवी होती, तिच्यावरून एका माणसाला त्याच्या वाढदिवसाला फिरवत होते. आणि मी इकडे खांब तोडत होतो. इतका राग मला जन्मात आला नव्हता. काका बोलले तेव्हा मी मान खाली घातली, कारण ते बोलणं माझ्यावर होतं आणि मला सोसता येत होतं. फ्लॉसीचं आणि धर्माचं मी सोसून टाकायचं, हा अधिकार मला कोणी दिला?

तुकड्याचा राग आहे का, असं तू विचारलंस. आहे. पण तो माझ्यावर आहे. दोरी मीच धरली होती, यतीनराव खरं लिहितात.

आता जे मी त्यांना एकाही पत्रात लिहिलं नाही ते तुला लिहितो. हे त्यांना वाचून दाखव.

त्या सकाळी मी नुसते खांब दिले नाहीत. मी लाल फडकं हातात घेऊन मशीनच्या पुढे चालत होतो. लोकांना बाजूला करत होतो. फ्लॉसीला गडग्याकडे हो असं मीच सांगितलं. मोरीवर चढल्यावर धर्मानं मशीन थांबवली. इंजिन बारीक केलं, खाली वाकून मला म्हणाला, "दादा, म्होरं उतार हाय. खांबाचं पानी झालंय, चेन धरनार नाय. आज हितंच ऱ्हाऊ दे. उद्या-परवा टेलर येल."

मशीन रस्त्याच्या मधोमध उभी. मागे दुधाचा टेम्पो हॉर्न मारत होता, चर्च सुटलं होतं, माणसं जमत होती. मला लाज वाटली. जावयानं एक काम सांगितलं आणि तेही आपल्याच्यानं निभत नाही, असं वाटलं. मी म्हटलं, "यतीनरावांनी सांगितलंय. तू चल, मी आहे पुढे." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग गियर टाकला.

तो मला मोठा माणूस समजतो, रेवा. दर सोमवारी मी देवळातून येताना साइटवर त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचो. त्यानं माझं ऐकलं, त्याला दुसरं कारण नाही.

आणि हे त्यानं पोलिसांना सांगितलेलं नाही. शुक्रवारी मी त्याच्या गावी गेलो, कामणच्याही पुढे. तो अंगणात पेंढा रचत होता. मी विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुमी पुजेचं मानूस." मग हसून म्हणाला, "आन सांगितलं आस्तं तर कोनी ऐकलं आस्तं?" त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मला तो घेववेना, पण नाही म्हणणं आणखी वाईट, म्हणून प्यालो. मी म्हटलं, गुन्हा कबूल करू नकोस, वकील मी बघतो. तो परत पेंढा रचायला लागला. त्याचा माझ्यावर विश्वास बसावा असं मी काही केलेलंही नाही.

तिथून आल्यावर एडवर्डकडे गेलो. त्यानं दार उघडलं, पण वाट दिली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच त्याला मोरीवरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या बायकोला आडोशाला तुम्ही उभं केलंत?" मी हो म्हटलं. त्यानं दार लावून घेतलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

तू मागितलंस ते मला देता येत नाही, रेवा. हे घर तुझं आहे. यतीनराव तुला येऊ देणार नसतील तर मी येईन, तुमच्या दारात उभा राहीन, हाकललं तर परत जाईन. पण तुझ्यासाठी म्हणून धर्माला आत बसवायचं, हे तू मागू नयेस. बाबा असते तर तू त्यांच्याकडे मागितलं नसतंस.

काल, सोमवारी, मी नेहमीसारखा देवळात गेलो. काही मागितलं नाही. तिथून चालत पोलीस स्टेशनला गेलो. ज्या हवालदारानं माझा आधीचा जबाब लिहिला होता तोच होता. मला बघून म्हणाला, "काय काका, केळी आणलीत का?" मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. फोन, खांब, दसऱ्याचं बोलणं, ट्रेलर कुठे होता, धर्मा मोरीवर का थांबला आणि त्याला कोणी चल म्हटलं. मागच्या वेळी खोटं बोललो हेही सांगितलं.

तो लिहायचा थांबला. "आधी का नाही बोललात?"

"भ्यालो."

"मालकाला?"

"बहिणीचा नवरा आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काका, ड्रायव्हर कबूल करतोय. प्रकरण मिटत आलंय. हे लिहिलं तर तुम्हीही अडकाल. घरी जा, परत एकदा विचार करा."

मी म्हटलं, "दीड महिना तेच केलं."

त्यानं नवीन कागद घेतला. शेवटी पेन वर धरून विचारलं, "तुमचं नाव साक्षीदारांत घालू की आरोपींत?"

"मी सांगितलं तसं लिहा," मी म्हटलं. "मग ते जिथे बसेल तिथे घाला."

त्यानं सगळं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मोरीवरचं माझं वाक्य त्यानं गाळलं होतं. मी ते परत घालायला लावलं. मग सही केली.

तुझा
दादा